पुस्तकाचं तेरावं घालायची घाई

आमच्या बडोद्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच मजकूर तिसऱ्यांदा आला. ‘कॅसेट गेली, फिल्मचा रोल गेला, आता पुस्तकांची पाळी. पाच-दहा वर्षांत छापील पुस्तक संग्रहालयात बघावं लागेल.’ खाली कारणं: ई-बुक कायमचं टिकतं, झाडं वाचतात, नवी पिढी कागदाला शिवत नाही. काकांनी लगेच अंगठा दिला. मी म्हटलं, जरा थांबा.

ही ‘पाच वर्षं’ जुनीच आहेत. एमआयटी मीडिया लॅबचे निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी २०१० मध्ये छापील पुस्तकाला एवढीच मुदत दिली होती. ती २०१५ ला संपली.

कॅसेटचा दाखला तर उलटाच लागू पडतो. कॅसेटला टेपरेकॉर्डर लागायचा. तो गेला आणि ती मुकी झाली. पुस्तकाला डोळे आणि उजेड पुरतो. यंत्रावर अवलंबून आहे ते ई-बुक.

आता ‘कायमचं’ या शब्दाकडे येऊ. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ऑरवेलची दोन पुस्तकं वाचकांच्या किंडलमधून (ई-बुक वाचायचं यंत्र) परस्पर काढून घेतली. विक्रेत्याकडे हक्क नव्हते हे खरं, पैसेही परत दिले. पण विकलेलं पुस्तक दुकानदार घरात शिरून उचलून नेत नाही. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-बुकचं दुकानच बंद केलं आणि घेतलेली पुस्तकं वाचकांच्या हातून गेली. (पैसे तिथेही मिळाले.) माझी स्वतःची आठ-दहा मराठी पुस्तकं एका अ‍ॅपवर होती. नंबर बदलला, जुन्या नंबरवर ओटीपी जात राहिला, पुस्तकं आतच राहिली. आपण विकत घेतो ती बहुतेक वेळा वाचायची परवानगी असते, पुस्तक नव्हे.

बडोदेकराला तरी हा फरक कळायला हवा. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावलं, मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं आणि पुस्तकांच्या लाकडी पेट्या संस्थानातल्या गावोगावी फिरू लागल्या. एक प्रत कितीतरी हातांतून जायची. माझ्या खात्यावरचं ई-बुक मला शेजारच्या वहिनींनाही देता येत नाही.

पण कागदाची बाजू घेताना एक कबूल करायला हवं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा आजोबांनी बांधून घेतलेले दिवाळी अंक खालच्या फळीवर होते. गच्चीवर पान पान उलगडून वाळवले, तरी निम्मे चिकटून बसले. त्यांचं स्कॅनिंग आधी झालं असतं तर? म्हणून स्कॅन हवंच. आईला अक्षर मोठं करून वाचता येतं, इथल्या दुकानांत न मिळणारं मराठी पुस्तक रात्री अकरा वाजता मिळतं, तेही हवंच. पण स्कॅन करायला आधी कागद जपलेला असावा लागतो.

झाडांचं म्हणाल तर फोनमधलं लिथियमही झाडाला लागत नाही.

नवी पिढी? २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, वाचक एक लाख सत्तर हजारांहून जास्त. माहितीपर मजकूर स्क्रीनपेक्षा कागदावर अधिक चांगला समजला. गोष्टींच्या बाबतीत फरक दिसला नाही. तेव्हा कादंबरी फोनवर खुशाल वाचा, परीक्षेचा अभ्यास मात्र कागदावर बरा. आमचा भाचा मराठी पुस्तक टाळतो, पण कारण कागद नाही. तो गुजराती माध्यमात शिकला. शिरोरेषा आली की त्याचा वेग बैलगाडीचा होतो. स्क्रीनवरही तेवढाच.

आणि काका, तुमच्याकडून दोन वर्षांपूर्वी नेलेला दिवाळी अंक अजून माझ्याकडेच आहे. कागदाचा हा खरा दोष मात्र त्या मजकुरात राहून गेला.