काकांचं घड्याळ

आज दुपारी शिकागोतल्या आपल्याच मंडळींकडे जेवायला गेलो होतो. आमरसाची दुसरी वाटी संपता संपता एक जण म्हणाला, "सेनेटर निवडायचं काम पूर्वीसारखं राज्याच्या आमदारांकडेच हवं. लोकांना काय कळतंय?" (सेनेटर म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहातला, सेनेटमधला खासदार.) चौघांनी माना डोलावल्या. माझी पुरी घशातच अडकली.

अरे, राहता त्या इलिनॉयचा इतिहास तरी वाचा! १९०९ साली राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डला, आमदार जानेवारीपासून मतदान करतायत आणि सेनेटर काही ठरत नाही. मे संपत आला. ९५व्या फेरीत अचानक विल्यम लॉरिमर १०८ मतांनी निवडून! हा रिपब्लिकन, आणि त्यातली ५३ मतं विरोधी पक्षाच्या डेमोक्रॅटांची. एवढं प्रेम कुठून उतू गेलं, ते पुढच्या वर्षी कळलं. चार्ल्स व्हाइट नावाच्या आमदारानं 'शिकागो ट्रिब्यून'मध्ये स्वतःच सांगून टाकलं, मताचे हजार डॉलर मिळाले, वर आणखी नऊशे.

मला आमच्या काकांचं घड्याळ आठवतं. काका ग्रामपंचायतीत होते, तेव्हा सरपंच सदस्यच निवडायचे. मतदानाआधी आठ दिवस काका 'देवदर्शनाला' गेले आणि परतले ते सोनेरी पट्ट्याचं घड्याळ घालून. आजी म्हणाली, "देवाला आपण वाहतो. हा कुठला देव रे, उलटा देणारा?"

थेट निवडणुकीतही पैसा ओततात, मान्य. टीव्हीवरच्या त्या जाहिरातींनी डोकं उठतं. पण अख्ख्या गावाला घड्याळं वाटायची कुणाची ऐपत आहे? सात सदस्य असले की चार घड्याळांत काम होतं!

आणि सेनेटनं काय केलं? १९११ मध्ये ४६ विरुद्ध ४० मतांनी लॉरिमरला पाठीशी घातलं. १९१२ च्या जुलैत ५५ विरुद्ध २८ मतांनी निवड रद्द केली, तोवर पठ्ठ्या तीन वर्षं खुर्चीत. १९१३ ला सतरावी घटनादुरुस्ती आली तेव्हा कुठे हे मत देशभर लोकांच्या हातात आलं. ते आमरस खाता खाता परत देऊन टाकायचं?

असो. लिहिता लिहिता राग थोडा उतरला. व्हाइटनं ती कबुलीसुद्धा पैसे घेऊनच दिली म्हणा, पण दिली तरी. काका कधीच काही बोलले नाहीत. फक्त आजीसमोर ते घड्याळ पुन्हा घातलं नाही. गेल्या दिवाळीत काकू म्हणाली, "कपाटात पडलंय, बंद आहे, तू घेऊन जा."

मी नाही आणलं.