पियाजे आणि डेअरीचं दूध

डी.एड.च्या पेपरात मी मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकचे शिकण्याचे तीन नियम पेटीतल्या मांजराच्या चित्रासकट लिहिले होते. मार्क चांगले पडले. मग कोल्हापूरकडच्या एका द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी मिळून सत्तावीस पोरं माझ्या पदरात पडली, आणि मांजर परवडलं असं झालं.

आधी स्किनर धरला, बक्षीस देऊन शिकवता येतं म्हणणारा. बरोबर उत्तराला प्रबलन म्हणून चिक्कीचा तुकडा. तीन दिवस पाढे नुसते धडाधडा! चौथ्या दिवशी चिक्की संपली, पाढेही संपले. पुस्तकात याला विलोपन म्हणतात. पोरं म्हणाली, ‘बाई चिक्कू झाल्या.’ स्किनरनं कबुतरांना पिंगपाँग शिकवलं म्हणे. बरोबर आहे, कबुतरं आधी ‘आज काय देणार?’ असं विचारत नाहीत.

केंद्रप्रमुख यायच्या दिवशी मात्र मी पियाजे काढला, मुलं विचार कसा करतात ते अभ्यासणारा. एकसारख्या दोन पेल्यांत सारखं पाणी घ्यायचं, त्यातलं एक पोरांदेखत उंच, अरुंद पेल्यात ओतायचं. सातेक वर्षांखालचं मूल म्हणतं, उंच पेल्यात जास्त झालं. (पियाजेनं बरंचसं निरीक्षण स्वतःच्या तीन पोरांवर केलं. तीन!) पाणी मागच्या बस्करावरून दिसायचं नाही म्हणून मी दूध आणलं. तिथं चुकलं.

‘आवं बाई, फेस बसू द्या की आधी.’

‘म्हशीचं का गाईचं?’

‘फॅट किती लागली?’

घराघरातून डेअरीला दूध घालणारं गाव. पोरं आजोबांबरोबर रोज सकाळी मापाच्या रांगेत उभी असतात. कसंबसं गप्प करून मी दूध ओतलं आणि सहा वर्षांच्या एका चिमुरडीला विचारलं, ‘आता कशात जास्त?’

तिनं उंच पेला निरखला. मग मी नुकताच रिकामा केलेला पेला उचलून वाकडा केला. तळाशी चमचाभर दूध गोळा झालं.

‘उंचातलं कमी हाय. ह्यात ऱ्हायलंय की.’

साहेब माझ्याकडे बघतायत, मी पियाजेच्या बौद्धिक विकासातली कोणती अवस्था सांगावी ते आठवतेय. साहेबांनी शेरेबुक उघडलं, थोडा विचार केला आणि लिहिलं : ‘अध्यापन समाधानकारक. दुधाचा खर्च कशातून केला, खुलासा करावा.’

सही घेऊन मी वळले तेव्हा तिन्ही पेले कोरडे होते, आणि पुढच्या बस्करावर पाच जणांना पांढऱ्या मिश्या फुटल्या होत्या.