ऐंशीच होता हो

आज दुपारी साताऱ्याहून पुण्याला येत होतो. पुतणीचा साखरपुडा आटोपलेला, गाडी भाच्याची, पुढच्या सीटवर मी, मागे बहीण आणि तिच्या सासूबाई. सगळे खुशीत. आणेवाडीचा टोल ओलांडला आणि काटा ११० वर गेला. मी गप्प बसले. थोड्या वेळानं फोनमधली बाई बोलली, पुढे स्पीड कॅमेरा आहे. भाच्यानं ब्रेक दाबला, सासूबाई पुढच्या सीटवर येऊन आदळल्या, काटा ८० वर आला. तेवढा टप्पा गेला आणि मिनिटभरात पुन्हा ११०.

"बघ मावशी, दोन हजार वाचवले!"

मागे दोघी हसल्या. त्याच वेळी भुईंज मागे पडलं होतं आणि सुरूरच्या अलीकडचा आमचा फाटा ११० च्या वेगानं खिडकीतून निघून गेला. मी मान वळवेपर्यंत दिसेनासा झाला.

घरी येऊन फॅमिली ग्रुप उघडला, तर तिथे मेहुण्यांनी आलेल्या चलनाचा फोटो टाकलेला. खाली पंधरा-वीस जणांचं सांत्वन. "नुसती वसुली आहे." "कॅमेरे लावून कुठे अपघात थांबतात का?" "आधी खड्डे बुजवा म्हणावं." एकानं तर कॅमेरे आधी दाखवणाऱ्या अ‍ॅपची लिंक दिली आणि सगळ्यांनी अंगठे दिले. त्यात माझ्या सख्ख्या चुलतभावाचाही अंगठा आहे. त्यानं कसा दिला, हे मला संध्याकाळपासून कळत नाहीये. कारण आप्पा त्याचे वडील.

नोव्हेंबर २०११. उसाचे दिवस. आमच्या गावाचे हायवेनं दोन तुकडे केलेत. घरं एका अंगाला, डेअरी दुसऱ्या. आप्पा सकाळी दुधाची किटली सायकलला अडकवून पलीकडे जात, तीस वर्षं जात होते. त्या दिवशी दुभाजकाच्या फटीतून सायकल ढकलत पुढच्या लेनमध्ये आले आणि कोल्हापूरकडून येणाऱ्या एका गाडीनं त्यांना उडवलं. फाट्याच्या आधी ५० ची पाटी होती. आजही आहे.

गाडी चालवणारा मुलगा पळून गेला नाही. त्यानंच आप्पांना मागच्या सीटवर घालून दवाखान्यात आणलं. मी पुण्याहून पोचले तेव्हा तो बाकावर बसला होता, शर्टाची बाही रक्तानं कडक झालेली. मला बघून उठला आणि म्हणाला, "ताई, ऐंशीच होता हो. मी जोरात नव्हतो. ऐंशीच होता." पुढचे चार दिवस तो येत राहिला आणि भेटेल त्याला हेच सांगत राहिला. आप्पा पाचव्या दिवशी गेले.

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखर वाटत होतं की ८० म्हणजे हळू. आणि आपल्या सगळ्यांना तेच वाटतं, म्हणून मी हे लिहितेय.

मी नववीला विज्ञान शिकवते. गतीचे नियम हा पहिलाच धडा. आप्पा गेल्यानंतरच्या जूनपासून मी दरवर्षी फळ्यावर तेच एक गणित घालते. रस्त्यावर तुमच्यापुढे ३० मीटरवर एक माणूस आला. एक गाडी ५० नं येतेय, दुसरी ८० नं. ब्रेक दोघींचे सारखे, रस्ता कोरडा. माणूस दिसला आणि पाय ब्रेकवर गेला यात एक सेकंद धरा. पन्नासवाली तेवढ्यात १४ मीटर पुढे आलेली असते, आणखी १४ मीटरांत थांबते. माणसाच्या अलीकडे दोन मीटर. तो घाबरतो, शिवी देतो, सायकल घेऊन डेअरीत जातो. ऐंशीवाली त्या एका सेकंदातच २२ मीटर खाते. उरतात आठ मीटर. मुलं सूत्र लावतात, v² = u² + 2as, आणि उत्तर येतं तेव्हा वर्गात दर वर्षी कुणीतरी म्हणतं, "बाई, चुकलंय." चुकलेलं नसतं. ज्या जागी तो माणूस उभा आहे, त्या जागेवरून दुसरी अजून ताशी ७० च्या वेगानं पुढे चाललेली असते.

सत्तर. फरक वेगात फक्त ३० चा होता.

हे गणित ग्रुपवरच्या अंगठेवाल्यांपैकी निम्म्यांनी शाळेत सोडवलंय. दोघं तर इंजिनीअर आहेत.

बरं, कॅमेऱ्यांबद्दल. एका जागी टांगलेला कॅमेरा दोनशे-तीनशे मीटरांपुरताच चालतो, हे मला मान्य आहे. आज स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पण यावरून "कॅमेरे बिनकामाचे" असं कसं निघतं? तेवढ्या तीनशे मीटरांत तो हळू गेला ना? मग तो कॅमेरा आमच्या फाट्यावर असता तर? २०११ मध्ये एका खांबावर एक डबा असता आणि त्या मुलाला तो लांबूनच ठाऊक असता, तर त्यानंही माझ्या भाच्यासारखाच ब्रेक दाबला असता. चिडून दाबला असता, दोन हजार वाचवायला दाबला असता, मला चालेल. आप्पांना कारणाशी काय करायचं होतं?

आणि एका जागी पुरत नसेल तर दोन जागांमधला वेळ मोजा. पहिल्या खांबावर नंबर टिपायचा, दुसऱ्यावर टिपायचा, मधल्या अंतराला वेळेनं भागायचं. मध्येच ब्रेक दाबून काही उपयोग नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींच्या गाडीचा अपघात झाला, तेव्हा पोलिसांनी असंच काढलं होतं: वाटेतल्या एका नाक्याच्या कॅमेऱ्यात गाडी दिसल्यापासून सुमारे २० किलोमीटर नऊ मिनिटांत. म्हणजे सरासरी १३० च्या वर. हा हिशोब माणसं गेल्यावर झाला. तोच हिशोब आधी झाला, एक चलन घरी आलं, तर त्याला आपण वसुली म्हणतो. (त्या गाडीत मागे बसलेल्या दोघांचे पट्टे लावलेले नव्हते, आणि ते दोघेच गेले. आज आमच्या गाडीतही मागच्या दोघींनी लावले नव्हते. मीही सांगितलं नाही. उद्या दोघींना फोन करणार आहे.)

आता तुम्ही म्हणाल, पाट्या नीट नाहीत. नाहीतच. ८० वरून एकदम ४०, तीही पाटी लिंबाच्या फांदीमागे, हे मीही पाहिलंय. चलन महिन्यांनी कळतं, तेही मान्य. नियमानं कॅमेऱ्याच्या आधी सूचनेचा फलक हवा, तो नसेल तर भांडा, मी तुमच्याबरोबर येते. खड्डे बुजवलेच पाहिजेत. पण ग्रुपवर "आधी खड्डे बुजवा" लिहिणाऱ्यांपैकी एकानंही आजवर खड्ड्यासाठी एक अर्ज केल्याचं मला माहीत नाही. खड्डा आठवतो तो चलन आल्यावरच.

ट्रकवाल्यांचं म्हणणं वेगळं आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या घाटात जड गाड्यांना ४० ची मर्यादा घातली आणि वर कॅमेरे लावले, त्यावरून ते संतापले. मी कधी ट्रक चालवलेला नाही, तिथे आकडा काय असावा हे त्यांच्याशी बसून ठरवावं. पण मर्यादाच नको, असं कुणी म्हणू नये. कात्रजचा नवा बोगदा सुटल्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आम्ही इकडचे लोक रोज उतरतो. लोड भरलेली गाडी, डिझेल वाचवायला न्यूट्रल, ब्रेक तापलेले, आणि खाली सिग्नलसारखी तुंबलेली गर्दी. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड गाडीनं तिथे गाड्यांची रांगच्या रांग चेचली. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंटेनरनं धडक दिली, आग लागली, आठ माणसं गेली. मग वेगमर्यादा आणखी खाली आणली. तो उतार मुळातच चुकीचा बांधलाय, हे मीही म्हणते. रस्ता दुरुस्त करायला वर्षं लागतील. तोवर त्या उतारावर वेग हीच एक गोष्ट आजच्या आज कमी करता येते.

आज आम्ही तो उतार उतरलो तेव्हा भाच्यानं गाडी ४० वर आणली होती, कुणी न सांगता. गाडीत कुणी बोलत नव्हतं. तिथली भीती खरी वाटते, कारण टीव्हीवर पाहिलंय. आमच्या फाट्याला टीव्हीवाले आले नव्हते. एक सायकल, एक म्हातारा माणूस, दोन ओळींची बातमी.

देशात २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. सरकारी अहवालात त्यातल्या शंभरातल्या एकाहत्तरांपुढे कारण लिहिलंय: अतिवेग. पंचनाम्यात दुसरं काही सुचलं नाही की पोलीस अतिवेग लिहून मोकळे होतात, असं एक वकील भाऊ सांगतो. असेल. निम्मी खोटी धरा. तरी साठ हजार माणसं उरतात, त्यांना कुठे ठेवू? जागतिक आरोग्य संघटना सांगते, सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. एका टक्क्याला चार. बँकेनं असं व्याज लावलं असतं तर आपण मोर्चा काढला असता.

आणि मिळवलं काय? आणेवाडी ते खेड शिवापूर अंदाजे साठ किलोमीटर धरा. ११० नं तेहेतीस मिनिटं, ८० नं पंचेचाळीस. बारा मिनिटं. ती बारा मिनिटं आम्ही खंबाटकी उतरल्यावर चहाला थांबून संपवली, आणि वडगावच्या गर्दीत वर पंधरा घातली.

मी त्या मुलावर पुष्कळ वर्षं चिडून होते. आता तेवढी नाही. तो तेव्हा तेवीस-चोवीसचा असेल, म्हणजे आज माझा भाचा आहे त्याच वयाचा. चांगल्या घरचा होता. दहाव्याला आला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला, काकूनं आत बोलावलं तरी आला नाही. त्याच्या आयुष्यातही ती सकाळ कायमची आहे. त्याला कुणी अडवायला हवं होतं. त्याच्या मावशीनं, एखाद्या हवालदारानं, एखाद्या खांबावरच्या कॅमेऱ्यानं, दोन हजारांच्या भीतीनं. कुणीही चाललं असतं. कुणीच नव्हतं. आणि आज मी स्वतः भाच्याच्या शेजारी बसून आमच्या फाट्यावरून ११० नं गेले आणि तोंड उघडलं नाही, कारण साखरपुड्याच्या दिवशी कुठे विषय काढायचा. सगळ्यात जास्त राग मला त्याचा आलाय.

आता त्या फाट्याजवळ भुयारी मार्ग झालाय. तो आधी असता तर आप्पा वाचले असते, हेही खरंच. तरी पावसाळ्यात त्यात पाणी भरतं आणि लोक वरूनच जातात. शाळेची मुलंही.

चुलतभावाला फोन केला होता. म्हणाला, "अगं, अंगठा असाच दिला, वाचलं पण नाही." मग थोडा वेळ दोघं गप्प होतो. नंतर त्यानं तो अंगठा काढला.

हे एवढं लिहीपर्यंत भाच्याचा मेसेज आलाय. त्याच्या आईनं त्याला काहीतरी सांगितलेलं दिसतंय. त्या वेळी तो दहा वर्षांचाही नव्हता, त्याला आप्पा एवढेच आठवतात की खिशात खडीसाखर असायची. विचारतोय, "मावशी, तो फाटा नक्की कुठला? आज आपण गेलो तेव्हा होता का वाटेत?"

लग्नाला परत जायचंच आहे. त्याला लिहिलंय, भुईंज गेलं की गाडी हळू कर, मी दाखवते.