बाथरूममधला कोळी

शाळेच्या पुस्तकातला कोळी फार गुणी होता. तो पडायचा, चढायचा, पुन्हा पडायचा. गुहेत लपलेला रॉबर्ट ब्रूस ते बघून पेटून उठायचा आणि लढाईला निघायचा. परवा रात्री साडेअकराला, खांद्यावर टॉवेल टाकून बाथरूमच्या दारात उभा असताना मला त्या गोष्टीचा खरा अर्थ लागला. स्फूर्तीबिर्ती काही नाही. कोळी अंगावर पडेल म्हणून राजा गुहेबाहेर पळाला असणार, लढाई वाटेत लागली.

खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात तो बसला होता. तळहाताएवढा, करडा, चपटा. जाळंबिळं काही नाही. या जातीचे कोळी जाळं विणून वाट बघत बसत नाहीत, थेट भक्ष्यावर धावून जातात. म्हणजे चिकाटी शिकायचीही सोय नाही.

गोष्टींनी मला कायम फसवलंय. १९६२ साली अवतरलेला स्पायडरमॅन मनगटातून धागे सोडतो. खऱ्या कोळ्याचा धागा पोटाच्या मागच्या टोकातून येतो. चित्रकारांनी वेळीच जागा बदलली म्हणून बरं, नाहीतर बिचाऱ्याला दर वेळी गुंडांकडे पाठ करून वाकावं लागलं असतं.

असो. बरणी आणि पुठ्ठा घेऊन कोळी अलगद बाहेर सोडायचा असतो हे मला माहीत आहे. पण त्यासाठी बरणी धरणारा हात कोळ्याजवळ न्यावा लागतो, आणि हात माझा होता.

वीस मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघत होतो. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात, त्यामुळे सामना विषमच. मी दोनदा खाकरलो. तो हलला नाही. ‘‘हे बघ, मला फक्त तोंड धुवायचंय,’’ असंही म्हणालो. शेवटी डोळे मिटून चप्पल भिरकावली. आधी साबण पडला, मग शॅम्पू, आणि सगळ्यात शेवटी, गिरक्या घेत, तो.

आवाजाने मुलगी उठून आली. लादीवर वाकून बघते तर काय, आठही पाय ऐसपैस पसरलेले, अंग पापुद्र्यासारखं हलकं, पाठीकडे उसवलेलं.

‘‘मेला,’’ मी म्हणालो.

‘‘बाबा, मेलेल्या कोळ्याचे पाय आखडून पोटाशी येतात. पाय ताठ ठेवायला आतून द्रवाचा दाब लागतो. मेल्यावर तो दाब जातो.’’ तिने ते चिमटीत उचललं. उजेडात ते आरपार दिसत होतं. ‘‘ही नुसती कात आहे. वाढताना टाकतात.’’

म्हणजे मी वीस मिनिटं त्याच्या जुन्या कपड्यांशी बोलत होतो.

‘‘मग तो कुठाय?’’

‘‘असेल इथेच. आता याच्यापेक्षा मोठा असेल,’’ असं म्हणून ती झोपायला गेली.

तोंड मी स्वयंपाकघरात धुतलं. चप्पल अजून आतच आहे.