ऊन फुकट, आरसे कर्जाचे

"जर्मनीत धड ऊन नाही, तरी ते उन्हापासून विमानाचं इंधन करतात, आणि आपल्याकडे तीनशे दिवसांचं ऊन फुकट जातं!" कॉलेजच्या ग्रुपवर फिरणाऱ्या या फॉरवर्डनं माझं डोकं उठवलंय. खाली आधी टाळ्या, मग सरकारला शिव्या, मग "तू तिथेच आहेस ना, सांग" म्हणून मला टॅग.

सांगतो. जर्मनीतल्या युलिशला सिन्हेलियन या स्विस कंपनीचा प्रकल्प जून 2024 मध्ये सुरू झाला. जमिनीवरचे आरसे मनोऱ्यावर ऊन एकवटतात, तापमान हजार अंशांच्या वर जातं आणि त्या उष्णतेवर बायोगॅसपासून आधी सिनगॅस (हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचं मिश्रण), मग कच्चं इंधन तयार होतं. म्हणजे कार्बन येतो बायोगॅसमधून, सूर्य फक्त भट्टी तापवतो. उत्पादन वर्षाला काही हजार लिटर. तेवढ्यावर मोठं विमान फ्रँकफर्टहून मुंबईला पोचणार नाही. मोठ्या प्रकल्पासाठी हीच मंडळी स्पेन-मोरोक्कोकडे बघतात. इथल्या ढगांचं कौतुक त्यांनाही नाही.

पण मला खरा राग येतो तो "फुकट" म्हणण्याचा. कोळसा दर महिन्याला विकत घेता येतो. आरसे, मनोरा, उष्णता साठवायची टाकी यांचे पैसे मात्र पहिल्याच दिवशी मोजायचे, तेही कर्ज काढून. मग लिटरचा दर सूर्य ठरवत नाही, बँक ठरवते. राजस्थानचं ऊन युलिशपेक्षा कितीतरी कडक, पण भारतातलं व्याजही तसंच कडक. शिवाय इथे महाग इंधनाला कायद्यानं गिऱ्हाईक बांधून दिलंय: युरोपीय विमानतळांवर 2025 पासून 2 टक्के शाश्वत इंधन सक्तीचं, 2030 ला 6. भारताचं उद्दिष्ट 2027 ला 1 टक्का, तेही आंतरराष्ट्रीय उड्डाणांपुरतं.

आणि "आपण काही करतच नाही" हे तर साफ खोटं. 2010 मध्ये राष्ट्रीय सौर मिशनमध्ये सौर-औष्णिक विजेचे, म्हणजे आरशांच्या उष्णतेवर वीज करणारे, 470 मेगावॉटचे सात प्रकल्प दिले गेले. मोजके तीनच उभे राहिले. आरशाला थेट किरण लागतात. हवेतल्या धुळीनं ते विखुरले की चटका जाणवतो पण आरशाच्या कामाचं काही उरत नाही. थेट किरणं अंदाजापेक्षा कमी निघाली. तोवर उन्हातून थेट वीज करणारी फोटोव्होल्टाइक पॅनेल इतकी स्वस्त झाली की 2017 ला राजस्थानातल्या भडल्याची वीज युनिटला 2 रुपये 44 पैशांना गेली. हे फॉरवर्डमध्ये कसं येईल?

मला विचाराल तर आपलं काम दीडशे-दोनशे अंशांच्या उष्णतेत आहे. लातूरच्या महानंद डेअरीत सुमारे 160 चौरस मीटरची 'अरुण' नावाची आरशांची डिश दूध पाश्चराइझ करायला बसवली होती; आयआयटी मुंबईच्या मंडळींचं डोकं. इथेनॉलच्या डिस्टिलरीलाही साधारण अशाच तापमानाची वाफ लागते. साखर कारखान्याकडे जाळायला बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, असतो, त्याला आरसे कशाला? पण धान्यापासून इथेनॉल करणारे बरेच जण बॉयलरमध्ये कोळसा जाळतात, आणि तरी ते हरित इंधन! तिथे आरसे बसवा. तरीही इथेनॉल गाळणारा कॉलम रात्रंदिवस चालतो, म्हणून बॉयलर राहणारच. वाचतो तो दिवसाचा कोळसा, बॉयलरचे पैसे नाहीत. हिशोब बसतो, पण घट्ट.

"तिथे बसून शिकवू नकोस," एकानं लिहिलं. लागलं. ऑफिसात घर तापवायच्या हीट पंपवरून वाद पेटतो तेव्हा मी नुसती मान हलवतो. तो देश माझा नाही असं अजूनही वाटतं. रात्री जागून भांडतो ते राजस्थानातल्या धुळीवरून. आणि बचत? इथल्या बँकेत व्याज फुटकळ मिळतं म्हणून तिचा मोठा भाग भारतात एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) डिपॉझिटमध्ये ठेवलाय, तिथे करमुक्त. आरसेवाल्याला ज्या व्याजानं घाम फुटतो, त्यातलंच थोडं दर तिमाहीला माझ्या खात्यात जमा होतं. हे मात्र ग्रुपवर लिहिलेलं नाही.