आधी पतपुरवठा, मग ऑनलाइन विक्री

टाळेबंदीनंतर छोट्या व्यावसायिकांनी ऑनलाइन विक्रीकडे वळावे, हा एका लेखात वाचलेला सल्ला योग्य असला, तरी गोव्यापुरता तो मला अपुरा वाटतो. 25 मार्च 2020 पासून देश बंद झाला, तेव्हा कळंगुट-बागा पट्ट्यातील केवळ पर्यटकांवर विसंबलेल्या दुकानांत माल होता, पण गिऱ्हाईक नव्हते. गावातल्या पसरकाराकडे, म्हणजे किराणा दुकानदाराकडे, गिऱ्हाईक होते, पण बेळगावहून येणाऱ्या मालाची विवंचना होती.

त्याहून मोठा प्रश्न पतपुरवठ्याचा आहे. मे 2020 मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या आपत्कालीन कर्जहमी योजनेत सुरुवातीला 29 फेब्रुवारी 2020 रोजी शिल्लक असलेल्या कर्जाच्या 20 टक्क्यांपर्यंत वाढीव कर्ज मिळत होते. म्हणजे ज्याने तोवर बँकेचे कर्ज घेतलेच नव्हते, त्या काटकसरी दुकानदाराला तिचा काहीच उपयोग नव्हता, आणि हे मला अन्यायकारक वाटते. फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधीतून 10,000 रुपयांचे कर्ज होते, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसणाऱ्या कित्येक स्त्रियांचा हिशेब तोंडीच असतो. कर्ज मागताना दाखवता येतील अशा त्यांच्या व्यवहारांच्या नोंदी लावून देण्याचे काम नगरपालिकेने आणि पतसंस्थांनी पावसाळ्यातील मंदीच्या महिन्यांत हाती घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.