रो-हाऊसमध्ये खुराडा कुठे ठेवावा: काही सोसायटीमान्य उपाय

तुमच्या घराच्या मागे-बाजूला मिळून दीडशे-दोनशे चौरस फूट मोकळी जागा आहे, ऊन आहे, वारा आहे आणि चार कोंबड्या पाळायची हौसही आहे. नाही ती फक्त परवानगी. परवा आमच्या दारावर सोसायटीने नोटीस चिकटवली. 'सदर खुराडा विनाविलंब हटवावा, अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल.' त्यामुळे या विषयातली तज्ज्ञ म्हणून बोलायचा अधिकार मला आपोआप मिळाला आहे. मुळशीकडे, तळेगावकडे किंवा आणखी कुठल्या 'निसर्गाच्या कुशीत' हप्ते भरत असाल, तर पुढचं नीट वाचा.

आधी माप. रात्री बसायला दर कोंबडीमागे दोन चौरस फूट जागा धरतात, म्हणजे चार कोंबड्यांना चार बाय दोनचा खुराडा झाला. तो जमिनीपासून दीड-दोन फूट उंच हवा, छपराला उतार हवा, आत बसायला लाकडी दांडी आणि अंडी घालायला गवत घातलेला एक खोका हवा. जाळी बारीक चौकोनांची वेल्डमेश घ्या. नेहमीची कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. हे सगळं लिहून घेतलंत? आता विसरून जा. सोसायटीत खुराड्याचं माप कोंबडीवरून ठरत नाही. समोरच्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या बेडरूममधून तो किती दिसतो, यावरून ठरतं.

पुढच्या अंगणात जागा शोधू नका. एलिव्हेशन बिघडतं.

गच्चीवर शोधू नका. गच्ची तुमची असली तरी वॉटरप्रूफिंगची गॅरंटी बिल्डरची असते, आणि ती फक्त तुम्ही काही ठेवेपर्यंतच असते.

व्हिजिटर पार्किंगच्या कोपऱ्यात शोधू नका. तिथे सेक्रेटरींची दुसरी गाडी असते.

राहतं ते साइड मार्जिन, म्हणजे घराच्या बाजूची मोकळी पट्टी. खुराड्यासाठी याहून चांगली जागा नाही. सकाळचं ऊन तिरकं येतं, दुपारी भिंतीची सावली पडते, नळ जवळ असतो. म्हणून मीही तिथेच ठेवला. तेव्हा मला बोलावून समजावण्यात आलं की मॅडम, साइड मार्जिन ही मोकळी सोडायची जागा आहे, उद्या आग लागली तर अग्निशमनवाले जाणार कुठून? मुद्दा मला पटला. फक्त ज्यांनी तो समजावला, ते त्या वेळी स्वतःच्या साइड मार्जिनवर पत्रा टाकून काढलेल्या ऑफिसात बसले होते. खाली ग्रॅनाइट, वर फॉल्स सीलिंग, आणि एसीचं बाहेरचं युनिट असं लावलेलं की मे महिन्यात गरम हवा थेट आमच्या स्वयंपाकघरात. मी पत्र्याकडे बोट दाखवलं तर म्हणाले, 'ते टेम्पररी आहे.' टेम्पररीला शटर आहे, वेगळं मीटर आहे! माझ्या खुराड्याला खाली चार चाकं आहेत हो, उद्या ढकलत गेटबाहेर नेता येईल. त्यांच्या पलीकडच्यांनी मार्जिनमध्ये जिम काढली आहे. त्यांच्याही पलीकडे जनरेटर आहे, तो दिवे गेले की आमच्या खिडकीत धूर सोडतो. कोपऱ्यातल्या बंगल्यात तर मार्जिन कुठे होतं हे आता मूळ नकाशा काढल्याशिवाय सांगता येणार नाही. या सगळ्यांतून अग्निशमनची गाडी जाते. अडते ती चार बाय दोनच्या लाकडी पेटीला! मग म्हटलं, ठीक आहे, सगळ्यांचीच मोजणी करू, टेप मी आणते. तर म्हणे विषयांतर नको.

असो. शांतपणे पुढे जाऊ.

कोंबडा पाळू नका. अंड्यांसाठी त्याची गरजच नसते. मात्र हे मीटिंगमध्ये सांगायची तयारी ठेवा. 'मग अंडी येतात कशी?' हा प्रश्न मला एका इंजिनीअर गृहस्थांनी गंभीर चेहऱ्याने विचारला. अंडं घातल्यावर कोंबडी पाच-दहा मिनिटं कोकलते, हे खरं आहे. ते दिवसाउजेडी होतं. अंधार पडला की चारही जणी कुणी न हाकता दांडीवर चढून गप्प बसतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागाला रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती माझ्या कोंबड्या पाळतात. क्लबहाऊसमधल्या संगीतच्या रात्री कोण पाळतं, ते डीजेवाल्याला विचारा.

वासाची तक्रार येणार, म्हणून तयारीत राहा. भाताच्या गिरणीतून पोतंभर तूस आणा, तीन-चार इंचांचा थर द्या, रोज हलवा, ओल दिसली की चुना भुरभुरवा. ओल नसेल तर वास येत नाही. जुना तूस कुजवला की गुलाबांना उत्तम खत. सोसायटीच्या एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाक्यांच्या वासाबद्दल मात्र बोलू नये, त्यावर उपसमिती नेमलेली आहे.

बर्ड फ्लूचं नाव निघेलच. भीती खोटी नाही. २००६ साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला तो आला आणि तिथल्या पोल्ट्रीवाल्यांचं कंबरडं मोडलं. साथ आली की घरच्या कोंबड्याही बंद ठेवायच्या, मरतूक झाली तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं, हे मला ठाऊक आहे. राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची लसही दिलेली आहे. एक काका मात्र मोबाईलवर नियम वाचून दाखवत होते की पोल्ट्री वस्तीपासून अमुक इतकी लांब हवी. काका, तो नियम हजारो पक्ष्यांच्या फार्मसाठी आहे. इथे चार आहेत, आणि त्यातली एक खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली आहे. खुडूक कोंबडी निदान तीन आठवड्यांनी उठते तरी. आमची कमिटी एकदा विषयावर बसली की उठतही नाही आणि खालून काही निघतही नाही.

जात निवडताना कागदपत्रं बघा. गिरीराज, वनराज यांना इथे किंमत नाही. कडकनाथ आणा. झाबुआच्या त्या काळ्या कोंबडीच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तो कागद लॅमिनेट करून खुराड्यावर लावा.

कोंबडीला कोंबडी म्हणू नका, 'पेट' म्हणा. कुत्रा पाळायला सोसायटी बंदी घालू शकत नाही, असं भारतीय पशुकल्याण मंडळाचं परिपत्रक आमच्याकडे प्रत्येक श्वानप्रेमीच्या फोनमध्ये आहे. त्यात त्यांनी आपल्या कुत्र्याची घाण आपण उचलावी असंही सुचवलेलं आहे. तेवढं पान बहुधा डाउनलोड होत नाही. आमच्या गल्लीत हस्की आहे. बर्फातला प्राणी, पुण्याच्या एप्रिलमध्ये. तो रात्री अडीचला रडतो, त्याला 'एक्स्प्रेसिव्ह' म्हणतात.

हे सगळं करूनही जमलं नाही, तर शेवटचा हमखास उपाय म्हणजे सिमेंटची कोंबडी. आमच्या गेटपाशी आहे. बिल्डरने 'गावाचा फील' म्हणून बैलगाडी, विहिरीचा रहाट आणि पिल्लांसकट एक कोंबडी करून ठेवली आहे. एका पिल्लाची चोच फुटून आतली तार दिसते. दर दिवाळीआधी मेंटेनन्समधून तिचा तुरा लाल रंगवतात. तिच्याबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही. पोरं तिच्यावर बसून फोटो काढतात. त्या जागी पूर्वी इंद्रायणी भाताची खाचरं होती आणि बांधावर खऱ्या कोंबड्या चरत होत्या. ज्यांच्या होत्या, त्यांच्यातल्या काही बायका आता आपल्याच घरात धुणीभांडी करतात. त्यांनीच मला तूस आणून दिला.

आता जरा खरं बोलू या का? वास नाही, आवाज नाही, रोग नाही, मार्जिन नाही. मीटिंग संपताना मागून जे एक वाक्य आलं, तेवढंच खरं होतं: 'इथे काय झोपडपट्टी करायची आहे का?' आणि त्यावर निम्मी खुर्च्यांची रांग हसली. हसणाऱ्यांतल्या किती जणांचं मूळ गाव सातारा-सांगली-नगरकडे आहे, मला माहीत आहे. तुमच्या आज्यांच्या घरी खुराडा नव्हता? शेताचा पैसा आजोबांच्या हातात असायचा. आजीच्या हातात यायचे ते बाजारच्या दिवशी विकलेल्या अंड्यांचे. त्यातून घरातल्या पोरांच्या वह्या यायच्या, चोरून दिलेली जत्रेची नाणी यायची. त्या पैशांवर शिकून घराणी इथवर आली, आणि आता तीच कोंबडी दारात दिसली की तुमच्या प्रॉपर्टीचा भाव पडतो? लाज कोंबडीची वाटते आहे की आजीची?

आणि कोंबडी तुम्हाला चालत नाही असंही नाही. गटारीला क्लबहाऊसमागे तंदूर कोणी लावला होता? कापलेली चालते, मॅरिनेट केलेली चालते, सिमेंटची चालते. पायांवर चालणारी तेवढी चालत नाही. जे शाकाहारी आहेत, त्यांचा आक्षेप मी एक वेळ समजू शकते. त्यांच्याशी बसून बोलेन, खुराडा त्यांच्या भिंतीपासून लांब सरकवेन. त्याला चाकं आहेत. बाकीच्यांनी आधी आपापला पत्रा उतरवा, एसीचं तोंड स्वतःच्या घराकडे फिरवा, कुत्र्यामागे पिशवी घेऊन जायला शिका. आणि रविवारी सकाळी पोराच्या हातात डबा देऊन 'काकू, घरची अंडी आहेत का' म्हणून मागच्या दाराने पाठवणं बंद करा. मिळणार नाहीत.